विश्लेषण : चूक समोरच्याची, गाडी आपली, दुरुस्तीचे पैसे कुठून मिळणार?

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणारा रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना घरे, माडबागा आणि गडगे. हंगामात याच रस्त्यावर कोल्हापूर, पुणे, बेळगाव, गोव्याच्या गाड्या, भाड्याच्या दुचाकी, रिक्षा आणि पर्यटकांच्या मिनीबस एकमेकांना वाट देत सरकत असतात. अशा वेळी गडग्याला लागून उभी असलेली गाडी कोणी मागून ठोकली, तर सहसा कोणाला खरचटतही नाही. पण डिकी आत जाते, मागचा बंपर लोंबकळतो आणि चाक जागचे हलत नाही. चूक कोणाची, यावर वादही नसतो. ठोकणारा सांगतो, ‘माझा विमा आहे, त्यातून घ्या.’ ऐकणाऱ्याला हायसे वाटते. मात्र या वाक्यावर विसंबण्याआधी त्या विम्यात गाडीच्या नुकसानीसाठी नेमके किती पैसे आहेत, हे पाहायला हवे. ते कधी साडेसात लाख असतात, कधी एक लाख, तर कधी फक्त सहा हजार.

माणसासाठी मर्यादा नाही, गाडीसाठी आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १४६ नुसार रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. अपघातात तिसऱ्या व्यक्तीचा मृत्यू झाला किंवा ती जखमी झाली, तर या विम्यात भरपाईला वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण जो आकडा ठरवेल तो विमा कंपनीने द्यायचा. त्यामुळे ‘थर्ड पार्टी म्हणजे सगळे मिळते’ असा समज पसरला आहे. मालमत्तेचे, म्हणजे आपल्या गाडीचे, गडग्याचे, दुकानाच्या शटरचे नुकसान झाले तर हिशेब वेगळा असतो. मोटार टॅरिफनुसार खासगी मोटार आणि व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेसाठी ७ लाख ५० हजार रुपयांपर्यंत कवच असते. दुचाकीच्या पॉलिसीत ते १ लाख रुपये असते.

खरी मेख त्यापुढे आहे. विमा घेणाऱ्याला हे कवच सहा हजार रुपयांपर्यंत खाली आणण्याचा पर्याय असतो. त्याबदल्यात हप्त्यात सूट मिळते. टॅरिफमध्ये ही सूट खासगी मोटारीसाठी १०० रुपये आणि दुचाकीसाठी ५० रुपये ठरलेली आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये होता. त्यात १०० रुपये वाचवणे म्हणजे हप्त्यात जेमतेम तीन टक्के बचत. कवच मात्र साडेसात लाखांवरून सहा हजारांवर, म्हणजे १२५ पटीने घसरते. इतका वाईट सौदा विम्याच्या कागदांतही क्वचितच सापडेल. तरीही तो होतो, कारण हप्ता कमीत कमी दाखवण्याच्या स्पर्धेत या ओळीवर टिक झाली आहे की नाही, हे ग्राहक पाहत नाही.

हे सहा हजार आले कुठून?

१९३९च्या जुन्या मोटार वाहन कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीची सक्तीची मर्यादा २,००० रुपये होती. १९८२च्या दुरुस्तीने ती ६,००० झाली आणि १९८८चा नवा कायदा आला तेव्हा तोच आकडा त्यात उतरला. १९८२ मध्ये सहा हजारांत गाडीची बऱ्यापैकी दुरुस्ती होत असावी. आज एका साध्या हॅचबॅकचा हेडलाइट आणि बंपर बदलला तरी ही रक्कम संपते. पुढे २०१९च्या दुरुस्तीने विम्याचे हे प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. पॉलिसीच्या पानावरील ‘६,००० रुपयांपुरते मर्यादित’ ही ओळ मात्र टिकून राहिली.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मालमत्तेसाठीची किमान मर्यादा अनेक दशके पाच हजार डॉलर होती. ती १ जानेवारी २०२५ पासून १५ हजार झाली. तिथे समोरच्याचा विमा अपुरा किंवा नसला, तर आपल्याच पॉलिसीत त्यासाठी जादा कवच घेता येते. ब्रिटनमध्ये मालमत्तेसाठी सक्तीचे कवच १२ लाख पौंड आहे. विमा नसलेल्या वाहनाने ठोकले तर भरपाई देण्यासाठी विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली स्वतंत्र यंत्रणाही आहे. आपल्याकडे ठोकून पळून गेलेल्या अज्ञात वाहनासाठी २०२२ ची योजना आहे. त्यात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. गाडीच्या नुकसानीसाठी एक रुपयाही नाही.

मालवणच्या रस्त्यावर कोणत्या गाडीचा किती भरवसा?

विमा ‘अपुरा’ असण्याचे प्रकार इथे बरेच आहेत. दुचाकीचा विमा पूर्ण असला तरी मालमत्तेसाठी कवच लाखाचेच असते. भरधाव दुचाकीला चुकवताना तुमची मोटार झाडावर गेली आणि पुढचा सगळा भाग बदलावा लागला, तर लाख पुरत नाही. भाड्याच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. परवाना घेऊन भाड्याने दिल्या जाणाऱ्या दुचाकी आणि मोटारींची नंबरप्लेट काळी असते व त्यावर पिवळी अक्षरे असतात. गोव्यातून येणाऱ्या अशा गाड्या आपल्याला ओळखीच्या आहेत. पण पांढऱ्या प्लेटची, म्हणजे खासगी वापराची गाडी पर्यटकाला भाड्याने दिली असेल, तर पॉलिसीतील वापराची अट मोडली म्हणून कंपनी हात वर करू शकते. त्या गाडीचा विमा कागदावर असूनही तुमच्या वाट्याला न्यायालयीन वाद येतो. वाळू किंवा चिरे वाहणाऱ्या डंपरच्या पॉलिसीत साडेसात लाखांचे कवच असायला हवे. तिथेही ते सहा हजारांवर आणलेले असू शकते.

आणि विमाच नसलेल्या गाड्या? देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावत असल्याचे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४च्या अहवालात नोंदवले आहे. दंड पहिल्या वेळी दोन हजार आणि दुसऱ्या वेळी चार हजार रुपये. तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे.

समोरच्या गाडीचा विमा चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून तिथल्या तिथे कळते. मालमत्तेची मर्यादा मात्र पॉलिसीच्या पानावरच दिसते. म्हणून नुसत्या ‘विमा आहे’वर न थांबता पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांचा फोटो काढून घ्यावा.

मग गाडी दुरुस्त कोणाच्या पैशाने करायची?

व्यवहारात आपल्याच पैशाने, म्हणजे आपल्या सर्वसमावेशक पॉलिसीतील ‘ओन डॅमेज’ कवचातून. या कवचाला चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. कंपनीला लगेच कळवायचे, सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी उघडायची नाही, एवढे पाळले की पैसे काही आठवड्यांत मिळतात. पण पूर्ण मिळत नाहीत. किती कमी मिळतात, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, सहा वर्षे जुन्या १,२०० सीसी मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च १ लाख २० हजार आला. त्यात धातूचे भाग ५० हजारांचे, प्लास्टिक आणि रबर ३० हजारांचे, काच १० हजारांची आणि मजुरी ३० हजार. हिशेब सोपा ठेवण्यासाठी रंगसाहित्यावरील घसारा आणि जीएसटी बाजूला ठेवू. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा लागतो, तेव्हा मिळतात ३० हजार. प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा, मिळतात १५ हजार. काचेवर घसारा नाही. मजुरीसह बेरीज ८५ हजार. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये गेली की हातात ८४ हजार. म्हणजे ३६ हजार आपल्या खिशातून.

इथे हिशेब संपत नाही. पाच वर्षे दावा केला नसेल, तर ओन डॅमेज हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत असतो. दावा केला की पुढच्या नूतनीकरणात तो शून्य होतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० वर यायला पाच वर्षे लागतात. हा हप्ता वर्षाला आठ हजार धरला तर या चढणीत एकूण १० हजारांची सवलत बुडते. म्हणजे चूक नसलेल्या माणसाला सर्वसमावेशक विमा असूनही ४६ हजारांचा फटका.

आणि ज्याच्याकडे स्वतःचीही फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे, त्याचे काय? किनाऱ्यावर खाऱ्या हवेने पत्रा गंजलेली दहा-बारा वर्षे जुनी गाडी असली की ‘आता कशाला फुल इन्शुरन्स’ म्हणून मालक थर्ड पार्टीवर येतो. त्याला स्वतःच्या कंपनीकडून काहीच मिळत नाही. समोरच्याचे कवच सहा हजारांचे असेल, तर एक लाख वीस हजारांपैकी एक लाख चौदा हजार त्या गाडीच्या मालकाकडून वैयक्तिकरीत्या वसूल करावे लागतात.

सिंधुदुर्गात टोइंगचा खर्चही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मोठ्या कामासाठी गाडी कुडाळ, कणकवलीला किंवा थेट गोवा-कोल्हापूरला न्यावी लागते. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत गाडी हलवण्यासाठी १,५०० रुपयांची मर्यादा आहे. वेगळे रस्ता-साहाय्य कवच घेतलेले नसेल, तर वरचे पैसे मालकाचे.

विमा कंपन्या एकमेकींकडून वसूल करत नाहीत का?

कायद्याने करू शकतात. आपल्याला पैसे दिल्यावर आपली कंपनी तेवढ्या रकमेपुरती आपल्या जागी उभी राहते आणि चूक करणाऱ्याकडून वसुली मागू शकते. प्रत्यक्षात मोटार विम्यात कंपन्यांमध्ये ‘नॉक फॉर नॉक’ ही जुनी व्यवस्था आहे. ज्याच्या ग्राहकाची गाडी, त्याने दुरुस्तीचे पैसे द्यायचे आणि एकमेकींच्या मागे लागायचे नाही. कंपन्यांचा कोर्टकचेरीचा खर्च वाचतो. ग्राहकाचा नो क्लेम बोनस मात्र जातो, चूक त्याची नसतानाही. चुकीचा हिशेब कंपन्यांनी आपापसात मांडायचा नाही आणि ग्राहकाकडून मात्र बोनस काढून घ्यायचा, हे न्याय्य म्हणता येणार नाही. पोलिसांच्या कागदात दुसऱ्याची चूक स्पष्ट असेल, तर बोनस कायम ठेवण्याचा नियम विमा नियामकाला करता येण्यासारखा आहे. तोवर बोनस वाचवणारे जादा कवच आणि घसारा माफ करणारे ‘झिरो डेप’ कवच हेच पर्याय उरतात. झिरो डेप बहुतेकदा नव्या गाड्यांनाच मिळते, जुन्या गाडीवाल्याला नाही.

उरलेले पैसे मागायचे कुठे?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. हे न्यायाधिकरण फक्त मृत्यू आणि दुखापतीसाठी असते, असे अनेकांना वाटते. कलम १६५ आणि १६६ नुसार मालमत्तेच्या मालकालाही तिथे अर्ज करता येतो. जिथे न्यायाधिकरण आहे, तिथे अशा दाव्यासाठी दिवाणी न्यायालयाचा रस्ता कलम १७५ ने बंद केला आहे. सिंधुदुर्गात हे काम ओरोसच्या जिल्हा न्यायालयात चालते. चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही प्रतिवादी करायचे. कंपनीची जबाबदारी मर्यादेपाशी संपली तरी मालकाची संपत नाही. गाडी विकली आहे, पण नाव बदललेले नाही, अशी सबब मालकाला चालत नाही. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

अर्ज कुठे करायचा, हे दावेदार ठरवतो. अपघात झाला तिथे, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे. मालवणच्या माणसाची गाडी म्हापशात किंवा कोल्हापुरात ठोकली गेली, तरी तो ओरोसला दावा करू शकतो. पण हाच नियम उलटही चालतो. मालवणच्या रिक्षाने पुण्याच्या पर्यटकाची गाडी ठोकली, तर तो पुण्यात दावा लावेल आणि विमा नसलेल्या रिक्षामालकाला तारखांसाठी पुण्याला खेपा घालाव्या लागतील.

मुदत सहा महिन्यांची आहे. कलम १६६(३) मधील ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण निकालाच्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. गाडी दुरुस्त होईपर्यंत दोन महिने, ‘देतो, देतो’ म्हणणाऱ्याच्या मागे फिरण्यात तीन महिने, असे सहा महिने सहज निघून जातात.

कोणते पैसे मागता येतात? एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही. स्वतःच्या कंपनीने दिलेले ८४ हजार पुन्हा मागता येणार नाहीत. घसारा, वजावट, टोइंग, बुडालेला बोनस हा न मिळालेला भाग मागता येतो. सगळा मिळेलच असे नाही. जुन्या भागाच्या जागी नवा बसला, हा मुद्दा घेऊन समोरची कंपनी घसाऱ्याच्या रकमेवर वाद घालते. आणखी एक अडचण कागदाची असते. स्वतःच्या कंपनीकडून पैसे घेताना ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ अशा पावतीवर सही घेतली जाते आणि पुढे हीच पावती विरोधात वापरली जाते. म्हणून ही रक्कम फक्त आपल्या पॉलिसीपुरती आहे असे त्या कागदावर लिहावे आणि कोणत्या भागावर किती कपात झाली हे दाखवणारा सर्व्हेअरचा तपशील मागून घ्यावा.

कोणी जखमी नसेल, तर पोलीस नोंद घेतात का?

दोन्ही गाड्यांचे नुकसान आणि माणसे धडधाकट, असे असले की पोलीस ठाण्यात ‘आपापसात मिटवा’ हा सल्ला ठरलेला. पण न्यायाधिकरणात चूक सिद्ध करायची असते आणि तिथे घटनास्थळाच्या पंचनाम्याइतके वजन दुसऱ्या कशालाच नसते. निष्काळजीपणे वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे. त्यासाठी कोणी जखमी व्हायलाच हवे असे नाही. निदान लेखी तक्रार देऊन त्याची पोच घ्यावी. अपघातातील वाहनाचा आणि ते चालवणाऱ्याचा तपशील दावेदाराला देण्याचे बंधन कलम १६० ने पोलीस ठाण्यावर आणि आरटीओवर टाकले आहे. हा अर्ज ओरोसच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातही करता येतो.

बिलाचेही तसेच. गावातला मेकॅनिक चांगले काम करतो, स्वस्तात करतो आणि कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतो. न्यायाधिकरणात त्या चिठ्ठीला फारशी किंमत नसते. पक्के बिल, सुट्या भागांची यादी, दुरुस्तीआधीचे फोटो आणि गरज पडल्यास साक्षीला येणारा गॅरेजवाला, असा संच लागतो.

जागेवरच मिटवले तर?

नुकसान दहा-पंधरा हजारांचे असेल, तर खरे म्हणजे तेच शहाणपणाचे. वकिलाची फी आणि ओरोसच्या खेपा धरल्या, तर छोट्या दाव्यात हाती काही उरत नाही. पण पर्यटकाची सुट्टी संपते, तो घाटावर निघून जातो आणि ‘गुगल पे करतो’ हे आश्वासन फोंडाघाट चढेपर्यंतच टिकते. त्यामुळे पैसे जागेवर घ्यावेत किंवा रक्कम, तारीख, गाडीचे नंबर आणि दोन साक्षीदार असलेला कागद करावा. गॅरेजचा अंदाज येण्याआधी ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून देऊ नये. बंपरच्या मागे काय वाकले आहे, ते तो काढल्यावरच दिसते. चूक आपली असेल, तर उलट खबरदारी घ्यावी. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय पैसे द्यायचे कबूल केले, तर पॉलिसीच्या अटीवर बोट ठेवून कंपनी ते नाकारू शकते.

मधला मार्ग लोकअदालतीचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीचे प्रकरणही नेता येते. दोन्ही पक्ष जिल्ह्यातले असतील, तर तिथे तडजोड होण्याची शक्यता चांगली असते. स्वतःच्या विमा कंपनीने दावा अडवला, तर विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग आहे. समोरच्याच्या विमा कंपनीविरुद्ध मात्र या दोन्ही ठिकाणी जाता येत नाही, कारण आपण तिचे ग्राहक नसतो.

गाडीवरच पोट असेल तर?

रिक्षा पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली, तर पंधरा दिवसांचे भाडे बुडते. हंगामात तर वर्षाची कमाई याच दिवसांत होते. होमस्टे चालवणारे अनेक जण पर्यटकांना कुडाळ स्टेशनवरून आणण्यासाठी गाडी ठेवतात, त्यांचेही तेच. ओन डॅमेज पॉलिसी हे बुडालेले उत्पन्न देत नाही. न्यायाधिकरणाकडे ते मागता येते, पण पुरावा लागतो. परमिट, बँक खात्यातील नोंदी, रोजच्या फेऱ्यांची वही, जे असेल ते. रोखीने चालणाऱ्या धंद्यात नेमके हेच नसते. वाहन कर्जाचा हप्ता मात्र गाडी बंद असली तरी थांबत नाही.

समोरच्याकडे विमाच नसेल, तर निकाल फक्त कागदावर राहतो का?

तसे व्हायला नको, यासाठी दोन तरतुदी आहेत. पहिली सुरुवातीलाच उपयोगी पडते. विमा नसलेले वाहन अपघातानंतर पोलिसांनी जप्त केले असेल, तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ते सोडू नये आणि तीन महिन्यांत हमी आली नाही, तर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी, असा नियम सर्व राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितले. दिल्लीच्या ज्या नियमाच्या धर्तीवर हा आदेश होता, त्यात मालमत्तेच्या नुकसानीचाही उल्लेख आहे. पण त्यासाठी आधी वाहन जप्त व्हायला हवे आणि त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंद व्हायला हवा. ‘आपापसात मिटवा’ म्हणून गाडी सोडून दिली की हा रस्ता तिथेच बंद होतो.

दुसरी तरतूद निकालानंतरची. मालकाने पैसे दिले नाहीत, तर कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला पाठवू शकते. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तहसीलदाराची नोटीस येते आणि जप्तीपर्यंत प्रकरण जाऊ शकते. त्यासाठी दावेदाराने स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो केला नाही, तर निकालाची प्रत घरच्या कपाटात राहते आणि ठोकणाऱ्याची गाडी पुढच्या मे महिन्यात पुन्हा देवबागच्या रस्त्यावर दिसते.